टीम बंद झाली

परवा रात्री झोप येईना म्हणून फोनवर फुटबॉलचे स्कोअर चाळत पडलो होतो. ज्या अ‍ॅपवर माझे हे उद्योग चालतात त्यात 'आवडत्या टीम' असा एक कप्पा आहे. फोन बदलला तरी हा कप्पा इमानेइतबारे नव्या फोनात येतो, त्यामुळे त्यात बराच जुना गाळ साठलाय. यादीत पार तळाला पुणे एफसी. चुकून बोट लागलं आणि पान उघडलं. बोधचिन्हाच्या जागी नुसती करडी ढाल. खेळाडूंची यादी रिकामी. आणि त्याखाली एक ओळ : पुढचा सामना, तारीख ठरलेली नाही.

ठरलेली नाही म्हणे! म्हणजे कोणीतरी अजून बालेवाडीच्या ऑफिसात कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसलंय आणि ग्राउंड मिळालं की कळवतो म्हणतंय. मला हसू आलं. बायकोला उठवून दाखवावं असं वाटलं, पण मग सांगायचं काय? ही टीम २०१५ मध्ये बंद पडली, मी ती यादीतून अजून काढलेली नाही, आणि अ‍ॅपवाल्यांनाही कोणी सांगितलेलं नाही, एवढाच तो विनोद. फोन उलटा ठेवला. झोप मात्र त्यानंतर फारच लांब गेली.

कारण मोजायला लागलो. आपण आजवर ज्यांच्यासाठी घसा फोडला त्यातल्या किती टीम आज आहेत? महिंद्रा युनायटेड : नाही. एअर इंडिया : नाही. मुंबई एफसी : नाही. नोकरीपायी पुण्याला गेलो आणि तिथे जीव लावला ती पुणे एफसी : नाही. परदेशी लीग बघणारे माझे मित्र टीम 'खाली गेली' म्हणून रडतात. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जाणं म्हणजे त्यांना घरातलं कोणी गेल्यासारखं वाटतं. मला त्यांचा हेवा वाटतो. खाली गेलेली टीम निदान कुठेतरी असते. शनिवारी कुठल्या तरी बारक्या गावात चिखलात खेळत असते, आणि तुम्ही शिव्या घालत का होईना तिथे जाऊ शकता. आमच्याकडे टीम हरून जात नाही. एका दुपारी पत्रक निघतं, आणि संध्याकाळपासून ती नसते.

फुटबॉल माझ्या आयुष्यात आला तो आमच्या चाळीतल्या एका काकांमुळे. ते एका मोठ्या कंपनीत कारकून होते, पण आम्ही पोरांनी त्यांना कधी फाईल घेऊन बघितलं नाही. ते कंपनीच्या टीमचे राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचे बचावपटू. मोसम सुरू झाला की दुपारी ऑफिसातून सुटत आणि प्रॅक्टिसला जात. पगार कारकुनाचा, काम बॅकचं. मुंबईचं फुटबॉल तेव्हा असंच चाले. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, आरसीएफ, एअर इंडिया, महिंद्रा. गिरणी असो की खत कारखाना, तिची एक टीम असायची, आणि त्या टीममध्ये शिरणं म्हणजे नोकरी लागणं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा आपला नेव्हिल डिसूझासुद्धा टाटांकडूनच खेळायचा. काकांच्या आईला ऑफसाइड म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण प्रॉव्हिडंट फंड कळत होता. लग्न जमवताना मुलगा 'कंपनीत आहे' असं सांगत, फुटबॉलचा विषय साखरपुड्यानंतर निघाला.

त्यांनीच मला पहिल्यांदा कूपरेजला नेलं. मंत्रालयाच्या अंगणात म्हणावं इतकं जवळचं ते ग्राउंड, आणि बाहेर बँडस्टँडच्या बागेत पोरांना फिरवणारे घोडे. त्या घोड्यांचा वास आणि आतल्या तुडवलेल्या गवताचा वास माझ्या डोक्यात असे एक झालेत की आजही टांगा दिसला तर मला कॉर्नर किक आठवते. कठड्याला छाती लावून उभं राहिलं की विंगर इतका जवळून जायचा की त्याच्या धापा ऐकू यायच्या, शिनगार्ड मोज्यात कसा तिरका झालाय तेही दिसायचं. गोलकीपर सतत ओरडत असायचा, मॅन ऑन, लीव्ह इट, आणि मधूनमधून अस्सल मुंबईच्या शिव्या. टीव्हीवरच्या फुटबॉलला हा आवाज नसतो. कोलकात्याच्या टीम रोव्हर्स कप या मुंबईतल्या जुन्या स्पर्धेला आल्या की मात्र स्टँडचा रंग पालटे. दादर-परळकडचे बंगाली बाबू ऑफिसातून थेट बॅगा घेऊन येत. आम्ही महिंद्रासाठी ओरडायचो तेव्हा आमच्या ओरडण्यात गंमत होती. त्यांच्या ओरडण्यात काहीतरी घरचं होतं, एखादा खानदानी दावा चालू असल्यासारखं. ते तेव्हा नुसतं जाणवलं होतं.

राष्ट्रीय लीग सुरू झाली १९९६ मध्ये. पहिलं विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटीनं नेलं. विजयन, भुतिया हे भारताचे दोन मोठे स्ट्रायकर एकाच टीममध्ये, कापड गिरणीच्या टीममध्ये. नंतर कोलकाता आणि गोव्यानं ते आपसातच फिरवलं. मुंबईच्या वाट्याला पहिल्यांदा आलं २००५-०६ मध्ये, महिंद्रा युनायटेडला. लाल जर्सी, कोच डेरिक परेरा. एका खऱ्याखुऱ्या राष्ट्रीय लीगचा चॅम्पियन आपल्या शहरात होता, आणि शहराला त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी पेढे नेले तर मुलगा झाला का असं विचारलं. शेजारच्या टेबलावर तेव्हाही क्रिकेटच्या संघनिवडीवर खल चालू होता. त्या माणसांचा मला राग आला नाही. कळवणारं कोणी नव्हतंच. मॅच दुपारी, कामाच्या दिवशी, रणरणत्या उन्हात. बघायला कोण येणार? रिटायर झालेले, कामाला दांडी मारलेले आणि त्या टीममध्ये भाचा-पुतण्या असलेले.

२०१० मध्ये महिंद्रांनी टीम बंद केली. तळागाळातल्या फुटबॉलकडे लक्ष देणार, असं जाहीर झालं. पुढच्या वर्षी जेसीटी गेली. लीग कोणाला दिसतच नाही तर टीम चालवून उपयोग काय, असा त्यांचा सूर होता. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी परवान्याच्या अटींत बसत नाहीत म्हणून लीगमधून वगळल्या गेल्या. क्लब हा स्वतंत्र व्यवसाय हवा, त्याची स्वतःची युवा टीम, स्वतःचे हिशेब हवेत, असं आशियाई फुटबॉल महासंघाचं म्हणणं. कागदावर ते बरोबरच होतं. कंपनीच्या एखाद्या खात्याला क्लब कसं म्हणायचं? पण ज्या पोरांना त्या खात्यात नोकरी लागायची, त्यांच्या घरच्यांना हा मुद्दा समजावायला कोणी गेलं नाही. आमचे काका म्हणाले, "चला, म्हणजे आता कारकून कारकुनी करणार." एवढंच म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

पुण्याचा प्रकार याहून अजब.

मी पुण्यात आलो तेव्हा पिरामल मंडळींची पुणे एफसी नवी होती. २००७ चा जन्म. टोपणनाव रेड लिझर्ड्स. सिंहगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला पाल-सरडा न आठवता घोरपडच आठवणार, त्यामुळे मला ते लगेच पटलं. बालेवाडीचं स्टेडियम मोठं देखणं, पण फुटबॉलसाठी नव्हे. मध्ये अ‍ॅथलेटिक्सचा ट्रॅक, त्यामुळे खेळाडू लांब, इतके लांब की आधी पाय हललेला दिसायचा आणि मग चेंडूचा धप्प आवाज यायचा. थंडीत संध्याकाळी बाणेरच्या टेकडीकडून वारा यायचा आणि हजारोंच्या स्टँडमध्ये आम्ही दोन-अडीचशे लोक शर्टाची बटणं लावत बसायचो. पण एक व्हायचं. इतके कमी लोक असले की सगळे ओळखीचे होतात. कोथरूडचे एक निवृत्त शिक्षक थर्मासमधून चहा आणायचे आणि लाइन्समनला अत्यंत शुद्ध मराठीत हिणवायचे : "अहो, आपण निशाण वर करण्याचे कष्ट घ्याल का?" कॉलेजची पोरं ड्रम वाजवायची. २०१२-१३ ला टीम आय-लीगमध्ये (राष्ट्रीय लीगचं हे नवं नाव) दुसरी आली, चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग. वाटलं, हे आता मूळ धरतंय.

मग २०१४-१५ चा तो मोसम आला.  एकाच बालेवाडीवर पुण्याच्या तीन टीम. आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि कल्याणी समूहाची नवी भारत एफसी, आणि नव्या कोऱ्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी. सुपर लीगच्या मॅचला दिव्यांचा झगमगाट, नटनट्या, नावाजलेले पण वय झालेले परदेशी खेळाडू. गेटवर रांग. आय-लीगच्या मॅचला तेच ग्राउंड, तेच खांब, आणि आम्ही अडीचशे. गुरुजी म्हणाले, "एकाच कार्यालयात दोन लग्नं लागतायत, आपण त्यातल्या गरीब वधूपक्षाकडले." त्या मोसमानंतर पुणे एफसी संपली. भारत एफसी तर एकच मोसम जगली, तळाला राहिली आणि गेली. त्यांच्या जागी डीएसके शिवाजीयन्स आली, २०१७ मध्ये तीही बाहेर. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी उठली आणि तिची जागा हैदराबादला गेली. पाच वर्षांत चार टीम. एवढ्या वेळात पुणेकर एखादा रस्ता खोदून पुन्हा बुजवूही शकत नाहीत.

हैदराबादनं २०२२ मध्ये सुपर लीग जिंकली. मी ती फायनल बघितली आणि मला आनंद झाला, म्हणजे व्हावा असं वाटलं. आपल्याकडून उठून गेलेली जागा होती ना ती. पण सोयरिक कुठून जोडणार? जर्सी वेगळी, गाव वेगळं. पुढे हैदराबादचीही आर्थिक रड सुरू झाली आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली. आता तीत पुण्याचं काय उरलंय ते शोधायचं तर वकीलच लावावा लागेल.

या सगळ्यात मी ज्याच्यामागे खरा गेलो तो माणूस म्हणजे खालिद जमील. कुवेतमध्ये जन्मलेला, मुंबईत खेळून मोठा झालेला, महिंद्राकडून खेळला, एअर इंडियाकडून खेळला, मुंबई एफसीकडून खेळता खेळताच तिचा कोच झाला. तुटपुंज्या पैशांत उभी केलेली टीम त्यानं वर्षानुवर्षं लीगमध्ये तगवून धरली. कूपरेजला तोवर कृत्रिम टर्फ आलं होतं. चेंडू पडला की काळे रबराचे कण उडायचे, मॅचनंतर ते आम्हा प्रेक्षकांच्याही बुटात निघायचे. मुंबई एफसीचा खेळ बघवत नसे हे मान्य करतो. मागे दहा जण, एक लांब बॉल, आणि एक-शून्यची राखण. पण खालिद टचलाइनवर उभा असायचा तो अख्खी मॅच हातवारे करत, एकेका बॅकला नावानं हाका मारत. २०१६ मध्ये क्लबनं त्याला सोडलं आणि तो ऐझॉलला गेला. ऐझॉल त्याआधीच्या मोसमात खाली गेली होती, पण गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतल्यावर तिला परत घेतलं गेलं. त्या ऐझॉलला घेऊन त्यानं २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. जयेश राणे, आशुतोष मेहता ही मुंबई एफसीची पोरं त्याच्याबरोबर होती. शिलाँगला शेवटची मॅच एक-एक सुटली आणि मिझोरममध्ये दिवाळी झाली. त्याच मोसमात मुंबई एफसी शेवटच्या नंबरावर राहिली. आमची एवढी एकच टीम रीतसर हरून खाली गेली, आणि तीही खाली जाऊन खेळली नाही. दुकान बंद. खालिद ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचा कोच झाला तेव्हा मला कूपरेजचे ते काळे कण आठवले. ज्या तीन टीमनी त्याला घडवलं त्यातली एकही अभिनंदनाचा फोन करायला शिल्लक नव्हती.

या बंद पडलेल्या टीमच्या मालकांवर मी बरीच वर्षं मनात डाफरत होतो. आता तितका डाफरत नाही. कोणी दहा वर्षं, कोणी आठ वर्षं तोटा सोसला. तिकिटाचं उत्पन्न नाही, प्रक्षेपणाचा पैसा नाही, स्वतःचं ग्राउंड नाही. २०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघानं देशातल्या फुटबॉलचे व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी सातशे कोटींना दिले, त्यातून सुपर लीग उभी राहिली, पण क्लबांचा खर्च काही त्यातून निघाला नाही. कोणी स्वतःच्या खिशाला किती वर्षं भोक ठेवावं? प्रश्न मालक सोडून गेले हा नाहीच. मालक गेल्यावर मागे काहीच कसं उरलं नाही, हा आहे.

इथे मला रोव्हर्स कपचे ते बाबू आठवतात. २०२० मध्ये कोलकात्याची मोहन बागान सुपर लीगमधल्या एटीके या तिथल्याच टीमशी जोडली गेली आणि टीमच्या नावापुढे एटीके लागलं. पोरांनी तीन वर्षं कोलकाता डोक्यावर घेतलं. रस्त्यावर, सोशल मीडियावर, स्टेडियममध्ये एकच धोशा : एटीके हटवा. २०२३ मध्ये सुपर लीगचा कप जिंकल्या संध्याकाळी मालकांनीच एटीके काढत असल्याचं जाहीर केलं. महिंद्रा बंद झाली तेव्हा मुंबईत किती माणसं रस्त्यावर आली? मी तरी गेलो नव्हतो, आणि गेलो असतो तर तिथे मी एकटाच असतो. मोहन बागान १८८९ चा क्लब. त्याला सभासद आहेत, निवडणूक आहे, निवडणुकीतली हाणामारी आहे, सभासदाची पाळी यायला थांबलेले लोक आहेत. मालक कोणीही येवो, खालची जमीन त्यांची आहे असं त्यांना वाटतं, आणि त्यांनी ते वाटणं समोरच्याच्या गळी उतरवलं. आम्ही कायम कोणाच्या तरी घरचे पाहुणे. काकांची कंपनी असो नाहीतर पिरामलांची टीम, खुर्ची त्यांची, चहा त्यांचा, आम्ही फक्त टाळ्या आणल्या होत्या.

वाईट वाटतं ते यासाठी की महाराष्ट्राला हे करता येत नाही असं मुळीच नाही. आपल्या गल्लीतलं गणपतीचं मंडळ बघा. त्याला मालक नाही. वर्गणी आहे, पावती आहे, आणि वर्षभर तोंड न बघणारे दोन गट आहेत. प्रायोजक येतात, कमानीवर नाव लावतात, पुढच्या वर्षी गायब होतात, पण 'यंदापासून मंडळ बंद' असं पत्रक कुठल्या प्रायोजकाला काढता येईल का? लोक त्याला मांडवातच धरतील. लेझीम-ढोलाच्या पथकात भर पावसाळ्यात फुकट घाम गाळणारी पोरं आपल्याकडे हजारोंनी आहेत. त्यातली शंभर जरी बालेवाडीत आपल्या नावानं पावती फाडून बसली असती तरी टीम वाचली असती असं मी म्हणत नाही. पैशाचं गणित तेवढ्यानं सुटत नाही. पण नाव, जर्सी, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या डिव्हिजनमधली जागा एवढं तरी कोणी तरी धरून ठेवलं असतं.

हे सगळं आता बोलायचं कारण २०२५. जुलैमध्ये सुपर लीगच बेमुदत थांबवली गेली. पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता, नव्याचा पत्ता नव्हता. काही क्लबांनी पगार थांबवले. भारतातल्या अव्वल लीगचे खेळाडू घरी बसून मोसम सुरू करा म्हणून विनवत होते. त्या वर्षाच्या अखेरीस सुपर लीगमधल्या मुंबई सिटी या टीममधून मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं अंग काढून घेतलं. २०१९ मध्ये ते आले तेव्हा आम्हाला केवढं हायसं वाटलं होतं! एवढ्या मोठ्या घरात पोर दिली, आता काळजी नाही. दोन शील्ड (साखळीत पहिलं आल्याच्या) आणि दोन कप (फायनल जिंकल्याचे) त्यांच्या काळात आले, २०२१ चा कप तर गोव्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये, बिपिन सिंगच्या ९० व्या मिनिटाच्या गोलनं. मी घरात एकटा नाचलो होतो. पंधरा वर्षांनी मुंबईत राष्ट्रीय विजेतेपद आलं होतं, आणि या वेळी पेढे नेता येतील असं ऑफिसच कोविडनं उघडं ठेवलं नव्हतं.

माझा भाचा मुंबई सिटीच्या वेस्ट कोस्ट ब्रिगेड या पाठीराख्यांच्या गटातल्या पोरांबरोबर अंधेरीच्या स्टँडमध्ये उभा राहतो. निळा शर्ट, नव्वद मिनिटं गाणी, मॅचनंतर दोन दिवस आवाज बसलेला. सिटी ग्रुप चालल्याची बातमी आली तेव्हा त्यानं मला फोन केला. म्हणाला, "मामा, तुला अनुभव आहे. टीम बंद होणार असली तर आधी काय दिसतं?" मी अनुभवी माणसाच्या थाटात सांगितलं की आधी युवा टीम आटोपतात, मग परदेशी खेळाडू परत आणत नाहीत, मग कोचला 'हंगामी' म्हणायला लागतात. तो गप्प बसून ऐकत होता. मग म्हटलं, तुम्ही तीन-चारशे जण दर मॅचला जाता ना? मालकांना पत्र लिहा. सभासद करून घ्या म्हणावं. वर्षाची वर्गणी ठेवा, पावती द्या, एक प्रतिनिधी बैठकीला बसू द्या.

"ते कशाला ऐकतील?"

"नाही ऐकणार. तरी लिहा."

"आणि सभासद झालो की भांडणं होतील, मामा. आत्ताच बॅनर कोणाच्या घरी ठेवायचा यावरून दोन गट आहेत."

मला एकदम बरं वाटलं. दोन गट आहेत म्हणजे बरंच काही आहे. विचारलं, वर्गणी किती ठेवाल? त्यानं जरा विचार करून पाचशे सांगितले. म्हटलं माझे लिहून घे, आणि पावतीवर नाव मराठीत टाक.